छत्तीस घरांचा संकासूर

"मिळणार नाही म्हणजे नाही!" आबासाहेब सरदेसायांनी टेबलावर हात आपटला. "घ्यायला सगळे पुढे! दुसऱ्याला द्यायची वेळ आली की एकेकाच्या फोनची बॅटरी संपते!"

आबासाहेबांना करंजखोल गाव अजून 'सरकार' म्हणायचं. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये लाडू धुरीच्या शेवटच्या दशावतारी नाटकाचं रेकॉर्डिंग होतं. पूर्ण तीन तासांचं! त्यातल्या संकासूर राक्षसाच्या सोंगात लाडूसारखा नट पंचक्रोशीत दुसरा झाला नाही. गेल्या शिमग्यात तो गेला आणि गावाला त्या नाटकाची ओढ लागली. सरकार मात्र ऐकेनात.

आज मागायला आली होती लाडूची मुलगी सुगंधा. ती सरकारांच्याच घरी झाडलोट करायची.

"सरकार, आईला बाबांचा आवाज ऐकायचाय हो."

"तुला एकटीला दिलं तर गाव माझ्या नावाने ओरडेल. आणि गावाला देऊन उपयोग काय? गेल्या वर्षी जत्रेचे फोटो तात्या गवसला दिले. म्हटलं, सगळ्यांना वाट. त्याने बायकोलासुद्धा दाखवले नाहीत!"

"पण मी सगळ्यांकडे पोचवलं तर?"

सरकार मिशीत हसले. "बघ हां! उद्या रविवारी सकाळी नऊ ते दहा, एकच तास मी कॉम्प्युटर देईन. फोन जोडायची वायर एकच. सोमवारी दिवेलागणीला मी स्वतः गावातली छत्तीस घरं फिरेन. एका जरी घरात नाटक अपुरं निघालं, तर पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. तू नाही आणि तुझ्या आईनेही नाही!"

सुगंधाने हिशोब केला. अख्खं नाटक एका फोनमध्ये उतरायलाच तास लागायचा. म्हणजे ते एकाच घरी जाणार. गावात नेटवर्क नावालाच, तेव्हा पुढे फोनला फोन जोडूनच वाटायचं. पण ज्याला मिळेल तो दुसऱ्याला देईल? तिने मनातल्या मनात गावातली सगळी घरं फिरून पाहिली. एकाही दारात तिला खात्री वाटेना.

मग ती एकदम मान वर करून म्हणाली, "कबूल! फक्त आज मला नाटकाचे तुकडे करू द्या. तुमच्या मूळ रेकॉर्डिंगला हात लावणार नाही."

"नाटकाचे तुकडे? तुझा बाप वर कपाळाला हात लावून बसेल गो!"

"बसू देत. त्यातही टाळ्या घेतील!"

सरकारांना हसू फुटलं आणि तिला परवानगी मिळाली.

रविवारी सकाळी ओटीवर रांग लागली. दीड-पावणेदोन मिनिटांत सुगंधा एकेक फोन हातावेगळा करत होती. दहाच्या ठोक्याला छत्तिसावा फोन निघाला.

अंगणात तात्या गवस ओरडला, "अगो, हे काय? पाचच मिनिटं? बाकीचं नाटक कुठे गेलं?"

"पस्तीस घरांत आहे, तात्या. प्रत्येकाकडे पाच मिनिटांचा वेगळा तुकडा."

"माझ्याकडे संकासूर नुसता तलवार उपसतो! पुढे काय होतं?"

"ते राणेवहिनींच्या फोनमध्ये आहे."

तात्या वहाणा न घालताच राणेवहिनींकडे पळाला. वहिनी काही कमी नव्हत्या! "आधी तुमचा तुकडा द्या, मग माझा घ्या!"

दुपारपर्यंत गावात जेवायचं भान कोणाला राहिलं नाही. "सातवा कोणाकडे रे?" "मला एकविसावा दे, माझ्याकडे बारा जमलेत!" तात्या तर खांद्यावर चार्जर टाकून दारोदार हिंडत होता. बॅटरी संपण्याचं त्याने नाव काढलं नाही.

अडलं ते परबांकडे. भिकाजी आणि अनंत हे चुलतभाऊ. बांधावरच्या फणसावरून सात वर्षं त्यांचं बोलणं बंद. भिकाजीच्या तुकड्यात संकासूर विचारतो, "बोल, माझ्याशी लढायला तुझी आई पाठवते की बायको?" आणि तिथेच तुकडा संपतो! उत्तर अनंताकडे. गावात दुसऱ्या कोणाकडे मागितलं तर एकच जवाब, "भावाकडूनच घे!" भिकाजी सोमवारी दुपारपर्यंत तग धरून होता. मग कुंपणापाशी जाऊन फणसाकडे बघत म्हणाला, "त्या संकासुराला उत्तर काय मिळालं म्हणे?"

"प्रश्न काय होता ते आधी कळू दे," अनंतही फणसालाच म्हणाला. आणि दोन फोन कुंपणावरून पुढे आले.

दिवेलागणीला सरकार काठी घेऊन निघाले. घरामागून घर तपासलं. छत्तीसच्या छत्तीस तुकडे सगळीकडे! शेवटचं घर सुगंधाचं. तिची आई फोन कानाशी धरून बसली होती. डोळे मिटलेले, ओठ नवऱ्याच्या संवादाबरोबर हलत होते. सरकार उंबऱ्यावरूनच पाय न वाजवता अंगणात परतले.

पण हार मानतील तर ते सरकार कसले! मागे अर्धा गाव जमला होता. त्यांनी काठी रोखली.

"सुगंधा, ही लबाडी झाली! यातल्या एकानेही मोठ्या मनाने काही दिलं नाही. ज्याने दिलं त्याने आपल्याला हवं म्हणून दिलं. तात्या होता तसाच आहे! परब अजून फणसाशीच बोलतायत! यात तू जिंकलीस कुठे?"

सुगंधाने हात जोडले. "सरकार, तुम्ही मला नाटक घरोघरी पोचवायला सांगितलं होतं. माणसं बदलायला सांगितली असती, तर मी एका तासाऐवजी एक जन्म मागून घेतला असता!"

मग सरकार असे हसले, असे हसले, की काठी हातातून पडली आणि तात्यालाही हसावंच लागलं.

"माडीवर दशावताराच्या चाळीस कॅसेटी धूळ खात पडल्यात," डोळे पुसत ते म्हणाले. "उद्यापासून झाडू खाली ठेव. ती माडी, तो कॉम्प्युटर तुझ्या ताब्यात, आणि पगार दुप्पट! कॅसेटी कॉम्प्युटरवर चढव आणि कर हवे तेवढे तुकडे!"