चंदन लावलेली कासवे

पूर्वी भद्रिकानगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्मला आणि पुढे राजवैद्य झाला. तो माणसांइतक्याच आस्थेने मुक्या जिवांनाही तपाशी.

राजाची राणी उत्पला. तिचा एकुलता एक कुमार तान्हेपणी धापेने मरायला टेकला होता. तेव्हा ती नवस बोलली, ‘कुमाराला अभिषेक होईपर्यंत दर पौर्णिमेला मी एका कासवाला जीवदान देईन.’ कुमार वाचला. राणी पारध्यांकडून कासवे घेई, बागेतल्या कुंपणात दाटीने ठेवी, खीर खाऊ घाली आणि पौर्णिमेला त्यातल्या एकाच्या पाठीला चंदन लावून ते माळावर सोडी. नगर वाहवा करी. राणीला त्या दिवशी दोन घास अधिक जात.

पुढे माळावरची कासवे मरू लागली. राजाने बोधिसत्त्वाला पाठवले. इतर वैद्य कासव उचलून उताणे करीत. घाबरलेले कासव उन्हाळ्यासाठी पोटात राखलेले पाणी सोडून देई आणि मग तहानेने मरे. उपचार कसला, जिवाशी खेळच तो! बोधिसत्त्वाने एकालाही हात लावला नाही. तो करवंदीच्या जाळीपुढे पालथा पडून पाहत राहिला. कासवांच्या नाकातून बुडबुडे येत होते, पापण्या सुजल्या होत्या. श्वासासाठी ती मान ताणून तोंड उघडत. यांतल्या कित्येकांच्या पाठीवर चंदनाचे डाग होते, आणि त्यांच्या आसपासची कासवे दूरच्यांच्या आधी आजारी पडली होती. बिचाऱ्या माळाची गत ‘भीक नको पण कुत्रा आवर’ अशी झाली होती.

हे कळताच अमात्य म्हणाला, “वैद्यराज, अभिषेक परवाच्या पौर्णिमेवर आलाय. नवसाचं एकच कासव उरलंय. गप्प राहा, गाव इनाम मिळेल.”

बोधिसत्त्व तडक राणीकडे गेला. “देवी, आपल्या कासवांना श्वासाचा रोग आहे. कुंपणात तो एकाचा दुसऱ्याला लागला आणि आपल्याच हातून माळावर गेला. हे शेवटचं सोडू नका.”

राणी संतापली. “मी जीवदान देते, मरण नव्हे! नवस मोडला आणि माझ्या कुमाराला काही झालं, तर?”

“तसं होणार नाही असं वचन मी देऊ शकत नाही. पण एकदा कान लावून ऐका.”

कुंपणात ते शेवटचे कासव डोळे मिटून बसले होते. राणी रेशमी वस्त्रानिशी मातीत आडवी झाली. आत बारीक घरघर चालली होती. पाळण्याशी रात्र रात्र बसून तिने हीच घरघर ऐकली होती. तिचे डोळे भरून आले.

“असाच वाजायचा हो त्याचा श्वास,” ती म्हणाली. “आणि मी हे माळावर वाटत होते!”

अभिषेकाच्या दिवशी राणी माळाकडे गेली नाही. कुमाराची भीती मनात होती, तरी ती त्या कासवाला कोवळा पाला भरवत होती. वाद्ये वाजली, कुमार सिंहासनावर बसला. त्याला काही झाले नाही. कासव मात्र पुढच्या पौर्णिमेआधी तिच्या मांडीवर मरण पावले. त्यानंतर बागेत कासव आले नाही. माळावर जी निरोगी उरली होती, त्यांची पिल्ले काही वर्षांनी करवंदीखाली हिंडताना दिसू लागली.

ही कथा सांगून भिक्खूंचे गुरू शास्ते म्हणाले, “भिक्खूंनो, तेव्हाची राणी म्हणजे आज आपल्या रुग्णांची सेवा करणारी उपासिका सुमेधा. खोकला लागल्यापासून आपण होऊन दाराबाहेर बसणारा हा भिक्खू नंदिय म्हणजे ते शेवटचे कासव. आणि वैद्य मीच होतो.” आधी नीट पाहून मग करुणा करणे, ही त्या जन्मीची प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता.