पहिला उंदीर

नदीकाठच्या एका गावात भिवशेट नावाचा धान्याचा व्यापारी राहत होता. त्या गावाला गाठीच्या तापाची भारी धास्ती. मागे एकदा या तापाने घरंच्या घरं नेली होती. तेव्हापासून गावाने एक रीत पाळली. दरवर्षी दूर माळावर झोपड्या शाकारायच्या, तिथल्या पेवात धान्य भरून ठेवायचं. आणि ज्याच्या घरात पहिला उंदीर मरून पडेल, त्याने स्वतः जाऊन चावडीवरचा ढोल बडवायचा. ढोल वाजला की गाव सोडायचं. का, कशाला, विचारायचं नाही.

एके सकाळी भिवशेटच्या कोठारात उंदीर पडला. ना दाताची खूण, ना रक्त. भिवशेटने बाहेर पाहिलं. दारात मांडव उभा होता. दुसऱ्याच दिवशी त्याच्या लेकीचं, वेणूचं लग्न होतं.

त्याची बायको सगुणा म्हणाली, "अहो, आधी ढोल वाजवा."

"मांजरानं मारला असेल," भिवशेट म्हणाला. घरात मांजर नव्हतंच!

"अहो, गाव मरेल."

"आणि मांडवातून वऱ्हाड परत गेलं तर? अक्षता पडू देत. मग वाजवतो."

सगुणा अक्षतांचे तांदूळ निवडायला बसली. लेक तिचीही होती.

भिवशेटने उंदीर परसात पुरला. दिवसभर त्याचे कान आढ्याकडे होते. तिथे खसफस झाली की त्याला दरदरून घाम फुटे. खसफस थांबली की त्याहून जास्त भीती वाटे.

लग्न थाटात झालं. सारं गाव त्याच्या अंगणात जेवलं. पण सासरी निघायच्या वेळी वेणू तापाने फणफणली होती. तिच्या काखेत गाठ आली होती.

भिवशेट धावत चावडीवर गेला. हात सोलून निघेपर्यंत त्याने ढोल बडवला. गाव तडक उठलं. कोणी भांडलं नाही, कोणी मागे रेंगाळलं नाही. माळावर सगळं तयार होतं. पण तोवर ताप घराघरांत शिरला होता. तोही माणसांबरोबर माळावर आला. झोपड्या-झोपड्यांतून कण्हणं ऐकू येऊ लागलं.

वेणूला वेगळ्या झोपडीत ठेवलं होतं. भिवशेट तिच्या दाराशी बसून होता.

"आबा," तिने क्षीण आवाजात विचारलं, "पहिला उंदीर कोणाकडे पडला हो?"

"आपल्याकडे, बाळ."

"कधी?"



तात्पर्य: साथीला तोंड द्यायची तयारी सारं गाव मिळून करतं, पण पहिली खबर एकानेच द्यायची असते. त्याने लाजेपोटी वा भीतीपोटी ती दडवली, तर गावाची तयारी वाया जाते आणि ज्यासाठी दडवली, तेही हाती राहत नाही.