झेंडू की शेवंती

फार पूर्वी शेळ्यांची लग्नंही थाटात लागत, तेव्हाची ही गोष्ट. चांदी नावाच्या शेळीचं लग्न कबऱ्या बोकडाशी ठरलं. मानपान ठरले, जेवण ठरलं, आणि गाडी अडली ती हारांवर.

चांदीचे मामा म्हणाले, "आमच्याकडे झेंडूच असतो."

कबऱ्याची आत्या शिंगं रोखून म्हणाली, "झेंडू दाराच्या तोरणाला! लग्नात शेवंतीच शोभते."

आठ दिवस टकरी चालल्या. मामांचं एक शिंग मोडलं. आत्याबाई तर नवरा परत न्यायला निघाल्या होत्या. शेवटी कसंबसं ठरलं, की नवरीपुढे झेंडूचा हार ठेवायचा आणि नवऱ्यापुढे शेवंतीचा. नवरानवरीला कुणी काही विचारलं नाही. लग्न लागेपर्यंत त्या दोघांना उपास आहे, हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

मुहूर्तावर दोघांच्या मध्ये अंतरपाट धरला. आत्याबाईंनी स्वतः रचलेली सतरा मंगलाष्टकं म्हटली, एकही न गाळता.

अंतरपाट खाली आला, तेव्हा दोघांपुढे नुसते दोरे उरले होते.

कबऱ्यानं हळूच विचारलं, "झेंडू कसा होता?"

"जरा उग्र. आणि शेवंती?"

"कडू. पण भूकच एवढी लागली होती!"

दोघांना हसू फुटलं. त्यांनी ते दोरेच एकमेकांच्या गळ्यात घातले आणि लग्न लागलं.

मग मामा मोठ्यांदा म्हणाले, "ऐकलंत ना, आत्याबाई? शेवंती कडू निघाली!"