लढाईचं विमान आणि साळुंकीची पोरं

लढाई संपून दोन पिढ्या झाल्या, तेव्हाची ही गोष्ट. लढाईतलं एक पडलेलं विमान संग्रहालयाच्या मागच्या अंगणात गंजत होतं. कुणी ढुंकून बघत नव्हतं. साळुंकीने मात्र त्याच्या इंजिनात घरटं केलं आणि पिल्लं काढली.

एका सकाळी संग्रहालयाचे साहेब आले नि म्हणाले, "विमानाचा पंखा फिरला तर आत ठेवू, नाहीतर भंगारात द्या."

गडी पंख्याला लोंबकळले. विमानाने जीव खाऊन पंखा धरून ठेवला.

साळुंकी कडाडली, "म्हातारबा, फिर की. भंगारात जायचंय का?"

"फिरलो तर तुझी पोरं चिरडली जातील."

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? पंख फुटलेत त्यांना. मेली आयतं खात बसलीत."

तिने घरट्यात शिरून एकेकाला चोच हाणली. दोघं धडपडत उडाली. धाकटं काठावर थरथरत राहिलं.

"आई, मी पडेन."

"पड की," विमान म्हणालं. "मीही पडलो. पण त्याआधी उडालो होतो."

पिल्लाने डोळे मिटून उडी टाकली आणि पंखा गर्रकन फिरला. गडी टाळ्या पिटत नाचले. विमानाचं तिकडे लक्षच नव्हतं. धाकटं छपराच्याही वर गेलं होतं.