कोवळ्या ज्वारीचा घास

जंगलाच्या कडेला, एका उघड्या माळावर एक बैल, एक म्हैस आणि तिचं रेडकू राहत असत. आता मुलांनो, जंगलातल्या गुरांना वैरण कोण आणून टाकणार? ती आपला चारा आपणच पेरत. त्या वर्षी पेरणीच्या वेळी बैल म्हणाला, "सगळीकडे ज्वारी पेरू. जन्मभर कडबा खाल्लाय मी, मला शिकवू नका!" म्हैस म्हणाली, "दादा, पावसाचा काही भरवसा नाही, मला भीती वाटते. निम्म्या रानात हुलगा पेरू. तो जमीन झाकून ठेवतो, थोड्या ओलीवरही जगतो." बैल खो खो हसला, पण म्हैस हटेना. शेवटी निम्मं रान तिला मिळालं.

आणि पाऊस खरोखरच गेला हो! ज्वारी गुडघ्याएवढी होऊन खुंटली. हुलग्याचे वेल तेवढे जीव धरून राहिले. रोज तोच राठ पाला चावून रेडकू अगदी रडकुंडीला आलं. मग एकदा हलकीशी सर आली आणि खुंटलेल्या ज्वारीला लुसलुशीत फुटवे फुटले. त्याच दिवशी एक कोल्हा बांधावर येऊन बसला. "बैलदादा, एवढा गोड चारा समोर असताना तो पाला कसला चघळता? म्हैसमावशी, तुम्हीही या. बाळाला तर आधी आणा."

म्हशीच्या मनात आलं, हा मेला कधी गवताच्या काडीला तोंड लावत नाही, मग याला आमच्या चाऱ्याची काळजी कशाला? "दादा, थांबा! याचं लक्षण मला ठीक दिसत नाही," ती म्हणाली. "भित्री कुठली!" म्हणत बैल ज्वारीत शिरला आणि बकाबका खाऊ लागला. म्हैस वळून बघते तर काय, रेडकूही त्याच्यामागे गेलेलं आणि तोंडात हिरवा घास! "थुंक! थुंक म्हणते ना!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. रेडकानं घाबरून घास टाकला. तेवढ्यात बैलाचे पाय लटपटले, धाप लागली, तोंडाला फेस आला आणि तो धाडकन कोसळला.

पाण्यावाचून खुंटलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं. बैलाला ते ठाऊक नव्हतं, कोल्ह्याला होतं. म्हशीनं रेडकाला ढकलत ढकलत हुलग्यात नेलं आणि पोटाशी घेतलं. "आई, दादा उठत का नाहीत?" रेडकानं विचारलं. तिनं त्याला आणखी जवळ ओढलं. कोल्हा बांधावरून खाली उतरला, बैलाला एकदा हुंगून हळूहळू त्यांच्याजवळ आला आणि फार मायेनं म्हणाला, "मावशी, बाळ अजून उपाशीच का हो?"

तात्पर्य : जो चारा कालपर्यंत पोसत होता, तो आजही पोसेलच असं धरून चालू नये, आणि ज्याला आपल्या मरणाचा फायदा आहे, त्याला आपलं ताट निवडू देऊ नये.