आधी घागर, मग भाषण

ढवळखडीच्या टेकडीवर शाळा आहे, शाळेच्या दारात एक रांजण आहे आणि खाली पायथ्याला विहिरीच्या काठावर पाच घागरी उपड्या घातलेल्या आहेत. दरवर्षी चैत्रात हिंगमिरे गुरुजींच्या पुण्यतिथीला वर सभा भरते. तिथं ज्याला बोलायचं असेल त्यानं विहिरीवरून भरली घागर स्वतःच्या खांद्यावर आणायची, रांजणात ओतायची आणि मगच तोंड उघडायचं. मग तो आमदार असो की आमदाराचा साडू. पायऱ्या एकशे चाळीस आहेत. माझं किराणा दुकान पायथ्यालाच असल्यानं कोण चढतो आणि कोण चढल्यासारखं करतो हे मला बसल्या जागी दिसतं. म्हणून पाहुणे ही हकीकत मलाच विचारतात.

असं सांगतात की गावानं शाळेला टेकडी दिली, कारण तिथं कुसळसुद्धा उगवत नव्हतं. सपाटीची जागा सरपंच बापूसाहेब खरज्यांच्या उसाला हवी होती. पाणी खाली, मुलं वर. गुरुजींनी पाइप मागितला, तर तो उसातूनच न्यावा लागणार. बापूसाहेब म्हणाले, "बघू की, गुरुजी." ते बघणं बावीस वर्षं चाललं. तेवढी वर्षं गुरुजी रोज सकाळी खांद्यावर कावड घेऊन दोन खेपा घालायचे आणि मग घंटा द्यायचे. शाळा सुटली की गावाची भांडणं मिटवायची, अर्ज लिहून द्यायचे. दुष्काळात रेशनची यादी त्यांनीच केली आणि स्वतःचं नाव शेवटी घातलं, म्हणे. मी ती यादी पाहिलेली नाही, पण नाव शेवटीच असणार.

एका चैत्रात तापाचं निमित्त झालं आणि गुरुजी आठ दिवसांत गेले. पाठोपाठ तालुक्याहून शाळेवर कागद आला. शाळा झाडणाऱ्या तानूबाईनं तो आपल्या तिसरीतल्या नातीकडून वाचून घेतला. पिण्याच्या पाण्याची सोय नसेल तर शाळा बंद करून मुलं पलीकडच्या निमखेडला घालायची, पंधरा दिवसांत साहेब पाहायला येतील, असं त्यात होतं. निमखेडच्या वाटेवर ओढा. मुलगे गेलेही असते, पोरींना कुणी धाडलं नसतं. तानूबाई कागद घेऊन सरपंचाकडे गेली. बापूसाहेब म्हणाले, "दुखवट्याचं दिवस हायत, तानूबाई. असलं विषय काढू नयेत." आणि ते शोकसभेच्या तयारीला लागले.

तयारी दांडगी झाली. शाळेपुढं मांडव आला, कर्णा आला, गुरुजींचा फोटो मोठा करून आणला. सात खुर्च्यांवर गावचे सात पुढारी बसले. पहिल्या वाक्यात गुरुजी आणि दुसऱ्यापासून स्वतः, अशी एकेकाची भाषणं. एकानं तर गुरुजींनी आपल्याला कसं ओळखलं होतं हे अर्धा तास सांगितलं. ओळखलं असणारच, गुरुजींची नजर चांगली होती.

ऊन डोक्यावर आलं. चौथं भाषण बापूसाहेबांचं, त्यात त्यांच्या घशाला कोरड पडली. त्यांनी तांब्या मागवला. रांजणाचं झाकण काढलं तर तळाला कोळ्याचं जाळं. मांडवापासून फुलांपर्यंत सगळं आठवलं होतं, पाणी कुणालाच आठवलं नव्हतं. बावीस वर्षं तो रांजण भरलेलाच पाहिल्यामुळे या शहाण्यांना वाटत होतं, की रांजणात पाणी असतंच.

"अगं तानूबाई, पाणी कुठाय?" बापूसाहेब ओरडले. कर्णा चालू होता. सगळ्या टेकडीनं ऐकलं.

"पानी आननाऱ्याला फोटूत बसवलाय न्हवं तुमी," तानूबाई म्हणाली. "हार घालून."

शोकसभेत हशा पिकला. तोवर तिनं गुरुजींची कावड आणून खुर्च्यांसमोर आडवी टाकली. "आता ज्याला गुरुजींचं गुण गायचं त्यानं आधी एक खेप आनावी. माझी नात निमखेडला जायची न्हाई."

"मानसं लावतो की आम्ही पाण्याला!" बापूसाहेब म्हणाले.

"मग भाषनबी त्या मानसांनीच करावं."

आता सगळं गाव बघत होतं. बापूसाहेबांना उठणं भाग पडलं. ते खाली गेले, कावडीचा तोल जमेना म्हणून एकच घागर घेऊन निघाले आणि साठाव्या पायरीवर घसरले. घागर खळखळत पुन्हा विहिरीशी गेली आणि सरपंच ओल्या धोतरानं आडवाटेनं घरी. उरलेल्या सहा जणांना एकदम आपापली कामं आठवली.

मग गावच्या बायका उठल्या. त्या दिवसापासून साहेब येईपर्यंत रांजण एक बोटभरही उतरला नाही, तो गुरुजींचा चमत्कार होता, असं म्हणतात. मी चमत्काराला नाही म्हणत नाही. एवढंच सांगतो की ते सगळे दिवस पहाटेपासून पायऱ्यांवर बायकांची रांग असायची. साहेब आले, दोन पेले प्याले आणि 'पाण्याची सोय आहे' असं लिहून गेले. शाळा राहिली. पाइपही आला, पण सात वर्षांनी, बापूसाहेब निवडणुकीत पडल्यावर, उसाच्या मधोमध.

आजही नळ असून ही चाल गावानं मोडलेली नाही. चाळीस वर्षांत अकरा जण बोलले. बाकीचे पांढरेशुभ्र इस्त्रीचे कपडे घालून माझ्या दुकानापर्यंत येतात, पायऱ्यांकडे बघतात आणि मला गुडघ्याचं दुखणं सांगतात. परवा एक जण गाडीतून बाटल्यांची खोकी घेऊन आला होता. शाळेतल्या पोरींनी त्याला बोटानं घागर दाखवली. तो परत फिरला. जे वर पोचतात त्यांना मात्र ऐकावं. इतकी धाप लागलेली असते, की फुगवून सांगायला दमच उरत नाही. गेल्या वर्षी गुरुजींच्या हाताखाली शिकलेली, आता निवृत्त झालेली एक नर्स आली. घागर ओतली, पदरानं तोंड पुसलं, फोटोकडे पाहून म्हणाली, "गुरुजी, माझी सही मीच केली, आयुष्यभर." आणि खाली बसली.

गेल्या वर्षीचं सगळ्यात लांब भाषण तेच होतं.