म्हशीच्या जामिनावर व्हिसा

आपल्या पासपोर्टाला बिनव्हिसाचं आत घेणारे देश थोडे, आणि धुरपदाबाईंनी लेक दिली ती नेमकी न घेणाऱ्या देशात. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं, म्हणून बाई व्हिसाच्या खिडकीपुढे उभ्या राहिल्या.

आतला गोरा साहेब टाय आवळून बसलेला. दुभाष्यामार्फत म्हणाला, "नवरा वारला, शेती मुलाच्या नावावर, लेक आमच्याकडे. तुम्ही परत याल कशावरून?"

"घरी म्हैस आहे की!"

साहेब खो खो हसला. "म्हैस मुलगा सांभाळेल."

"सांभाळतोय. पण ती माझ्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही. म्हणून पोरगं माझं लुगडं नेसून बसतंय. खोटं वाटत असेल तर फोन लावा."

दुभाष्याने फोन लावला. पडद्यावर हिरवंगार लुगडं, पदराखाली झुपकेदार मिशा, गुडघ्यांत चरवी आणि शेजारी समाधानाने रवंथ करणारी म्हैस.

"पुढच्या महिन्यात याला बघायला मुलीकडचे येणार," बाई म्हणाल्या. "तोवर मी परतले नाही, तर पाहुणे यालाच कुंकू लावून, पसंत करून जातील! आता तुम्हीच सांगा साहेब, कुठली आई तिकडं राहील?"

हसून हसून साहेबाचा टाय सुटला. त्याने शिक्का उचलला. "बाई, चांगला सहा महिन्यांचा देतो!"

तोच फोनमधला पदर खसकन मागे गेला.

"ओ साहेब! महिन्याच्या वर एक दिवस जरी दिलात, तर ही म्हैसच तुमच्या रांगेत आणून उभी करीन!"